पासवर्ड किती लांब हवा? पहिल्यांदाच नीट करायला बसणाऱ्यांसाठी, एकेक स्टेप

माझ्या मावशीचं मेल अकाउंट दिवाळीच्या आधी कुणीतरी उघडलं आणि तिच्या नावाने नातेवाईकांना पैसे मागणारे मेल गेले, दोघांनी पाठवले सुद्धा. तिचा पासवर्ड आठ अक्षरी होता, पहिलं अक्षर कॅपिटल, मधे ॲट द रेट, शेवटी आकडे, म्हणजे सगळीकडे जे नियम सांगतात ते तिने अगदी मन लावून पाळले होते, पासवर्ड टाकताना खालची पट्टी हिरवी झाली होती आणि तिथे "स्ट्रॉंग" असं लिहूनही आलं होतं. मला त्या हिरव्या पट्टीचा खरंच राग येतो, कारण ती काय बघते तर अक्षरांचे प्रकार किती आहेत, आणि तो पासवर्ड कुणी कसा ठरवलाय हे तिला कळतच नाही. मावशीने ठरवला होता तिच्या नातीच्या नावावरून, आणि तोच तिने एका जुन्या शॉपिंग साइटवर पण वापरला होता.

म्हणून हे लिहितोय. ज्यांनी आजपर्यंत कधी याकडे नीट लक्ष दिलं नाही, ज्यांना कॉम्प्युटरमधलं फार कळत नाही असं वाटतं, त्यांच्यासाठी. एका रविवारची दुपार काढा, एक कागद, पेन, आणि सापशिडीच्या डब्यातला फासा घेऊन बसा. फासा कशाला ते पुढे येईल.

आधी चोर करतो काय ते बघू

आपल्याला वाटतं की कुणीतरी लॉगिनच्या पानावर बसून एकेक पासवर्ड टाकून बघतो. तसं फार होत नाही, कारण चार-पाच वेळा चुकलं की साइट थांबवते. एटीएमचा पिन चार आकडी असूनही चालतो तो याच कारणाने, १०,००० शक्यता आहेत पण लागोपाठ तीनदा चुकलात की कार्ड ब्लॉक. यूपीआय पिनचं पण तसंच, चार किंवा सहा आकडी असतो, पण तो तुमच्याच फोनला आणि तुमच्याच सिमला बांधलेला असतो आणि थोड्या चुकांनंतर बंद पडतो. तिथे लांबीची गरज कमी, कारण दारावर पहारेकरी आहे.

खरी गडबड तेव्हा होते जेव्हा एखाद्या कंपनीची पासवर्डची अख्खी फाइलच चोरीला जाते. मग चोर ती फाइल घरी नेतो आणि तिथे त्याला कुणी "तीनदा चुकलात" असं म्हणणारं नाही, रात्रंदिवस अंदाज लावत बसू शकतो.

चांगल्या कंपन्या पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाहीत, तो दळून ठेवतात, त्याला हॅश म्हणतात. गिरणीतून ज्वारी दळून आणली की पिठातून परत दाणे होत नाहीत ना, तसंच. तुम्ही लॉगिन करता तेव्हा साइट तुमचे दाणे परत दळते आणि दोन्ही पिठं सारखी आली की आत सोडते. चोराकडे फक्त पीठ असतं, मग तो काय करतो, वेगवेगळे दाणे स्वतः दळून बघत राहतो की कुठलं पीठ जुळतंय. आता सगळा प्रश्न एवढाच उरतो की त्याला किती दाणे दळून बघायला लागतील आणि त्याची गिरणी किती जोरात फिरते.

हे सगळं खरं घडलेलं आहे. २००९ मध्ये रॉकयू नावाच्या कंपनीकडून ३ कोटी २० लाख पासवर्ड बाहेर पडले, आणि ते तर दळलेले पण नव्हते, सरळ वाचता येत होते, त्यात सुमारे २ लाख ९० हजार लोकांचा पासवर्ड एक ते सहा आकडे ओळीने हा होता. २०१२ मध्ये लिंक्डइनची फाइल गेली, आधी ६५ लाखांचं कळलं, मग २०१६ मध्ये कळलं की ११ कोटींच्या वर होते. या फाइली आजही फिरतायत, आणि माणूस पासवर्ड कसा बनवतो याचं शिक्षण चोरांना तिथूनच मिळालंय.

आता लांबीचं गणित, एकदाच

महागातलं एक गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड, जे कुणीही दुकानातून घेऊ शकतो, ते एमडी५ सारख्या जुन्या पद्धतीने दळलेल्या पासवर्डवर सेकंदाला १० हजार कोटींपेक्षा जास्त अंदाज लावतं. आपण १० हजार कोटीच धरू.

आठ अक्षरं, सगळी लहान इंग्रजी लिपीतली: जवळजवळ २१ हजार कोटी शक्यता. दोन सेकंद.

आठ अक्षरं, पण कॅपिटल, आकडे, चिन्हं सगळं मिसळून आणि खरोखर कसंही टाकलेली: साधारण १८ तास.

बारा अक्षरं, फक्त लहान, कसलंही चिन्ह नाही: ११ दिवस. इथे थांबा जरा, म्हणजे बारा साधी अक्षरं ही आठ अवघड अक्षरांपेक्षा चौदा पट जड आहेत, आणि टाइप करायला किती सोपी.

सोळा अक्षरं, फक्त लहान: साडेतेरा हजार वर्षांच्या वर.

प्रत्येक अक्षर वाढवलं की चोराचं काम २६ पटीने वाढतं, बेरीज होत नाही, गुणाकार होतो. चिन्ह घातल्याने पण वाढतं, नाही असं नाही, पण आपण चिन्हं घालतो ती नेहमी त्याच जागी, ए च्या जागी ॲट द रेट, एस च्या जागी डॉलर, शेवटी १२३, आणि हे चोराला तोंडपाठ आहे.

हे जुन्या पद्धतीचं झालं. बीक्रिप्टसारखी मुद्दाम हळू फिरणारी गिरणी कंपनीने वापरली असेल तर तेच कार्ड सेकंदाला काही हजारांवर येतं, मग तुमचा पासवर्ड कितीतरी जास्त टिकतो. पण कुठली साइट काय वापरते हे आपल्याला बाहेरून कळत नाही, म्हणून वाईटातलं वाईट धरून चालायचं.

पण नुसतं लांब म्हणजे लांब नाही

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि नेमकं हेच कुणी सांगत नाही. वरचा हिशोब फक्त तेव्हाच खरा जेव्हा अक्षरं नशिबाने पडलेली असतात. माणसाने डोकं चालवून ठरवलेली लांबी पुष्कळदा खोटी असते.

मोबाईल नंबर घ्या. दहा आकडे, लांब वाटतो. भारतात नंबर ६ ते ९ ने सुरू होतो, म्हणजे शक्यता फक्त ४०० कोटी, त्या कार्डाला सेकंदाचा छोटासा तुकडा पुरतो. जन्मतारीख आठ आकडी लिहिली तर १० कोटी शक्यता वाटतात, पण शंभर वर्षांत दिवस असतात साडेछत्तीस हजार, संपलं. गाडीचा नंबर तर आपल्याकडे फार लाडका, एमएच, मग आरटीओचे दोन आकडे, दोन अक्षरं, चार आकडे, दहा जागा भरतात आणि बघायला एकदम अवघड दिसतं. पण ५० आरटीओ धरले तरी सगळे मिळून ३४ कोटीच्या आत. हे पण सेकंदाच्या आतच.

ई-आधारच्या पीडीएफचं बघा ना, पासवर्ड असतो नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्माचं वर्ष. आठ जागा आहेत, पण ज्याला तुमचं नाव माहीत आहे त्याला जास्तीत जास्त शंभरेक वर्षं टाकून बघायची आहेत. झेरॉक्सच्या दुकानात व्हॉट्सॲपवर ती फाइल पाठवतो तेव्हा "पासवर्ड आहे की त्याला" असं म्हणून निश्चिंत होऊ नका, प्रिंट झाली की तिथेच उभं राहून त्याच्या कॉम्प्युटरवरून डिलीट करायला सांगा.

आरतीची ओळ, अभंग, गाण्याचा मुखडा, म्हण, हे पण नको. लांबी तीस अक्षरं होते पण ती ओळ इंटरनेटवर हजार ठिकाणी पडलेली आहे आणि चोर अशा ओळी गोळा करूनच ठेवतात.

स्टेप १: कागदावर यादी करा, आणि मेल सगळ्यात वर

कुठे कुठे अकाउंट आहेत ते लिहा. मेल, बँक, फेसबुक, रेल्वेचं तिकीट, वीजबिल, मुलांच्या शाळेचं ॲप, जे आठवेल ते. पासवर्ड लिहू नका, फक्त नावं, आणि जिथे जिथे तोच पासवर्ड वापरलाय त्यांच्यापुढे खूण करा.

सुरुवात मेलपासूनच करायची, बँकेपासून नाही. लोकांना हे उलटं वाटतं. पण "फरगॉट पासवर्ड" दाबलं की लिंक कुठे येते, मेलवर, म्हणजे मेल ज्याच्या हातात त्याच्या हातात जवळपास सगळ्या किल्ल्या.

स्टेप २: फासा टाका

१९९५ मध्ये आर्नल्ड राइनहोल्ड यांनी डाइसवेअर नावाची पद्धत काढली, अजूनही याच्याइतकी सरळ पद्धत मला माहीत नाही. फासा पाच वेळा टाकायचा, आलेले आकडे ओळीने लिहायचे, समजा ४, १, ६, २, ५, आणि यादीत त्या आकड्यासमोर जो शब्द आहे तो घ्यायचा. यादीत ७,७७६ शब्द असतात, कारण सहाला पाच वेळा गुणलं की तेवढेच येतात. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या अमेरिकन संस्थेने २०१६ मध्ये त्यांची सोप्या शब्दांची यादी काढली, ती फुकट मिळते, इंग्रजी आहे पण शब्द साधे आहेत.

किती शब्द? त्याच कार्डाच्या हिशोबाने चार शब्द म्हणजे दहा तास, पाच शब्द म्हणजे नऊ वर्षं, सहा शब्द म्हणजे सत्तर हजार वर्षं. मेलसाठी सहा घ्या. अनेक ठिकाणी चार शब्द पुरे असं लिहिलेलं दिसेल, मला ते पटत नाही, दोन शब्द जास्त पाठ करायला असा कितीसा वेळ लागतो.

इंग्रजी नकोच असेल तर घरातला जाडजूड मराठी शब्दकोश घ्या, डोळे मिटून कुठेही उघडा, बोट ठेवा, जो शब्द येईल तो. अगदीच माहीत नसलेला शब्द आला तर त्याच्या खालचा घ्या, पण "हा नको, तो छान वाटतोय" असं करत बसू नका, कारण निवडायला लागलात की परत तुमचं डोकं आलं, आणि डोकं सगळ्यांचं सारखंच चालतं. सहा शब्द झाले की मिळून असं काहीतरी दिसेल: पातेलं, रिक्षा, सतरंजी, मुंगूस, टिकाव, लाडू. हा आता इथे लिहिला गेला म्हणजे वाया गेला, तुमचा तुम्ही काढा.

स्टेप ३: स्पेलिंग पक्कं करा

मराठी शब्द रोमन लिपीत टाइप करताना आपली सगळ्यांची एक अडचण असते, एकच शब्द आज एका तऱ्हेने आणि उद्या दुसऱ्या तऱ्हेने लिहिला जातो. सतरंजीच्या शेवटी आय की डबल ई, रिक्षात के-एस-एच की एक्स, मुंगूसमध्ये यू की डबल ओ, व साठी व्ही की डब्ल्यू. पासवर्ड बरोबर आठवतोय पण लॉगिन होत नाही, याचं कारण मी घरातल्या लोकांच्या बाबतीत पुष्कळदा हेच पाहिलंय. म्हणून शब्द ठरले की स्पेलिंग एकदाच ठरवा, कागदावर ठळक लिहा आणि तेच धरा. घोळ होणारच असं वाटलं तर तो शब्द सोडून पुढचा घ्या, या एका कारणासाठी चालेल.

देवनागरीत पासवर्ड ठेवू का असं पण विचारतात. नका ठेवू. नवीन फोनवर, सायबर कॅफेत, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मराठी कीबोर्ड नसला की अडकलात.

शब्दांच्या मधे डॅश टाका, वाचायला पण बरं पडतं आणि चिन्हाची अट असेल तर ती पण भागते. कॅपिटल आणि आकडा हवाच म्हणाली साइट तर पहिलं अक्षर कॅपिटल करा, शेवटी एक आकडा द्या, त्याने ताकद वाढत नाही पण फॉर्म पुढे जातो, ताकद शब्दांतून आधीच आलेली आहे.

स्टेप ४: बदला, आणि बदलल्यावर लगेच तपासा

जीमेल असेल तर फोनच्या सेटिंग्जमध्ये गूगल, त्यात मॅनेज युवर गूगल अकाउंट, मग सिक्युरिटी, तिथे पासवर्ड. जुना टाका, नवीन दोनदा टाका. गूगल शंभर अक्षरांपर्यंत घेतं त्यामुळे तिथे लांबीची अडचण नाही.

बाकी काही साइट मात्र लांब पासवर्ड घेत नाहीत, १५ किंवा २० वर थांबवतात, आणि काही तर गुपचूप मागचा भाग कापून टाकतात. हे जुनं दुखणं आहे, पूर्वीच्या युनिक्स नावाच्या कॉम्प्युटर सिस्टिममध्ये पहिली आठच अक्षरं धरायचे, आणि बीक्रिप्ट पण ७२ बाइटनंतरचं, म्हणजे साध्या इंग्रजीत ७२ अक्षरांनंतरचं, बघत नाही. म्हणून बदलल्या बदलल्या दुसऱ्या ब्राउझरमध्ये लॉगिन करून बघा, एकदा पूर्ण टाकून आणि एकदा शेवटची दोन-तीन अक्षरं मुद्दाम गाळून. गाळून पण आत गेलात तर साइट कापतेय, तिथे मग भरवसा कमी ठेवायचा.

आता मावशीच्या वेळी आम्ही जे विसरलो ते. पासवर्ड बदलला, सगळं ठीक वाटलं, आठवड्याने कळलं की चोराने मेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग लावून ठेवलं होतं, तिला येणारा प्रत्येक मेल त्याच्याकडे पण जात होता. त्यामुळे फॉरवर्डिंग आणि फिल्टर उघडून बघा, रिकव्हरीचा फोन नंबर आणि दुसरा मेल तुमचाच आहे ना ते बघा, आणि युवर डिव्हाइसेसमध्ये जाऊन ओळखीचा नसलेला प्रत्येक फोन साइन आउट करा.

स्टेप ५: बाकीचे पासवर्ड पाठ करूच नका

पन्नास साइटचे पन्नास लांब पासवर्ड कुणाच्याच लक्षात राहत नाहीत, म्हणून माणूस तोच परत वापरतो, आणि एक साइट फुटली की चोर मेल आणि पासवर्डची तीच जोडी बाकी सगळीकडे लावून बघतो. तिथे तुमच्या लांबीचा काही उपयोग होत नाही, वीस अक्षरी असला तरी तो आता त्याला आयताच मिळालाय.

त्यासाठी पासवर्ड मॅनेजर. अँड्रॉइडमध्ये गूगलचा आहे, आयफोनमध्ये ॲपलचा आहे, वेगळा हवा तर बिटवॉर्डन फुकट चालतो. तो प्रत्येक साइटसाठी स्वतःच कसाही वीस अक्षरी पासवर्ड बनवतो आणि स्वतःच भरतो. वेगळा मॅनेजर घेतलात तर त्याला पण सहा शब्दांचा पासवर्ड काढा, मेलपेक्षा वेगळा. म्हणजे पाठ करायचे फक्त दोन.

आणि कागदावर लिहायला घाबरू नका, विशेषतः घरातल्या मोठ्या माणसांनी. एफडीच्या पावत्या जिथे ठेवता त्या कपाटात ठेवा. दूरच्या देशात बसलेला चोर तुमचं कपाट उघडू शकत नाही. मॉनिटरला चिकटवू नका आणि फोनच्या गॅलरीत फोटो काढून ठेवू नका, एवढंच.

स्टेप ६: दुसरं कुलूप

मेल, बँक, व्हॉट्सॲप, तिन्हीकडे टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डशिवाय अजून एक कोड किंवा पिन मागणं, चालू करा. व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, अकाउंट, टू-स्टेप व्हेरिफिकेशन, तिथे सहा आकडी पिन, जन्मतारीख नको. मेलसाठी एसएमएसपेक्षा ऑथेंटिकेटर ॲप, म्हणजे फोनवरच कोड दाखवणारं ॲप, बरं, आणि बॅकअप कोड मिळतात ते त्याच कपाटात. पासकीचा पर्याय दिसला तर तो पण घ्या, त्यात पासवर्ड टाकायचाच नसतो, फोनवर तुमचं बोट किंवा चेहरा चालतो.

हे का, तर लांब पासवर्ड तुम्ही स्वतःच्या हाताने चुकीच्या पानावर टाकलात तर त्याची लांबी कामाची नाही. "केवायसी अपडेट करा", "आज रात्री वीज तोडली जाईल" अशा लिंक येतात, पान हुबेहूब बँकेसारखं दिसतं. तिथे मॅनेजरचा अजून एक फायदा, पत्ता चुकीचा असला की तो पासवर्ड भरतच नाही, आणि तो भरत नाहीये म्हणजे तुम्ही पण हाताने भरू नका. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन, पहिल्या काही तासांत केला तर रक्कम पुढे जायच्या आधी अडवता येण्याची शक्यता असते.

दर तीन महिन्यांनी बदलायचा का?

नाही. ही सवय आणि चिन्हांचा हट्ट जिथून पसरला ते मार्गदर्शन अमेरिकेतल्या एनआयएसटी या संस्थेचं, २००३ चं, आणि ते लिहिणारे बिल बर यांनीच २०१७ मध्ये सांगितलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी संस्थेने नियम बदलले, ठराविक काळाने बदलायची सक्ती नको, चिन्हांची सक्ती नको, लांब पासवर्ड घेऊ द्या. २०२५ च्या सुधारणेत तर जिथे फक्त पासवर्डवरच काम चालतं तिथे कमीत कमी १५ अक्षरं असं आलंय. सारखा बदलायला लावला की लोक शेवटचा आकडा एकने वाढवतात, दुसरं काही होत नाही.

बदलायचा कधी, तर तो फुटला असं कळलं तेव्हा. ट्रॉय हंट या सुरक्षा तज्ज्ञांची हॅव आय बीन पोन्ड नावाची साइट आहे, २०१३ पासून चालू आहे, तिथे तुमचा मेलचा पत्ता टाका, पासवर्ड नाही, आणि कुठल्या कुठल्या चोऱ्यांमध्ये तो पत्ता सापडलाय ते ती दाखवते. मावशीचा पत्ता टाकला तेव्हा ती जुनी शॉपिंग साइट तिथे होती, तिने कितीतरी वर्षांपूर्वी एकदाच तिथून काहीतरी मागवलं होतं. स्टेप १ च्या यादीत अशा विसरलेल्या साइट इथूनच भरा, आणि लागत नसेल ते अकाउंट बंदच करून टाका.